अप्पांच्या हेडलाइटची शिलाई

शेवटच्या साध्या रविवारी मी हातात शिंप्याचा खडू घेऊन शेजारच्या जगन्नाथरावांच्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उभी होते. समोर आमच्या अंगणात अप्पा मोटरसायकलवर बसले होते. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, संध्याकाळ झालेली. जुन्या हेडलाइटचा उजेड भिंतीवर जिथवर पडतो तिथवर मी खडूनं गोल काढायचा होता. पुढं नवीन वायरिंग जोडलं की याच भिंतीवर नवा गोल काढायचा आणि दोन्ही गोल शेजाऱ्यांना दाखवायचे, असा अप्पांचा बेत होता. मी गोल काढला. तो भाकरीएवढा झाला, आणि त्यातही मी थोडा उदारपणा केला होता.

"एवढाच?" अप्पांनी विचारलं.

"एवढाच," मी म्हणाले.

ही मोटरसायकल म्हैसुरातच जन्मलेली. तिचा कारखाना केव्हाच बंद पडला, पण अप्पांच्या लेखी त्यामुळं गाडीची जबाबदारी वाढली होती. ते शिंपी. नामदेव शिंपी समाजातली आमची चौथी पिढी म्हैसुरात शिवते आहे. बैलकुप्प्याच्या तिबेटी मठातल्या भिक्षूंची वस्त्रं शिवण्याचं काम त्यांच्याकडं होतं. गठ्ठा मागं बांधून ते पोचवायला जात आणि परत येताना हुणसूर रस्त्यावर अंधार होई. वाटेत खड्डा होता ही बातमी या दिव्याकडून त्यांना खड्ड्यातून बाहेर आल्यावर मिळायची. तेव्हा दिव्याला बॅटरीतून थेट वीज द्यायची, मधे रिले नावाची छोटी डबी बसवायची, आणि हे सगळं घरच्या घरी करायचं असं ठरलं. ठरवलं दोघांनी: अप्पा आणि त्यांचे मित्र शेषगिरीकाका. काकांची उभी नोकरी त्याच कारखान्यात इंजिनं चालवून तपासण्यात गेली होती. त्यात त्यांचे कान गेले आणि गाड्यांबद्दलची मतं तेवढी शाबूत राहिली.

आता मुख्य चूक सांगते. ती दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसानं केली नसती. वायरिंगच्या वायरी वेगवेगळ्या रंगांच्या असतात, कुठली कुठं जाते हे कळावं म्हणून. अप्पांना हे सहन होईना. दोरा कापडाच्याच रंगाचा हवा, शिवण दिसता कामा नये, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. गाडी किरमिजी रंगाची. म्हणून त्यांनी सगळ्या नव्या वायरी किरमिजीच आणल्या. तरीही छटा जुळेना, तेव्हा भिक्षूंच्या वस्त्रांतल्या उरलेल्या कापडाच्या तिरप्या पट्ट्या कापून प्रत्येक वायरीला टोकापर्यंत खोळ शिवली. हातशिलाई. टाका इतका बारीक की मठाच्या प्रमुखांनाही घालायला द्यावी अशी ती वायर.

मी ग्रंथालयात काम करते. विजेवरची दोन पुस्तकं घरी आणून मी अप्पांना रंगांचा तक्ता दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "छपाई चांगली आहे."

त्या रविवारी खडूचा गोल काढून झाल्यावर त्यांनी जुनी वायर उपसून टाकली. हेडलाइट पुढं लोंबत राहिला आणि त्याच्या पोटातून चार किरमिजी टोकं बाहेर आली. "शेषगिरी शिमोग्याहून आला की रिले आणतो," ते म्हणाले. "मग सुम्ने, नुसतं एक तासाचं काम."

सोमवारी सकाळी दुकानात, मशीनवर एका वस्त्राची किनार अर्धी झाली असताना, अप्पा पुढं वाकले आणि तसेच राहिले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही. ही गोष्ट दिव्याची आहे.

पुढच्या दिवसांत माझा धाकटा भाऊ गगन हूटगळ्ळीहून रोज येई. सगळ्यांना कळवण्याचं काम त्यानंच केलं. माझ्याकडं चहा होता. चहा देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. मी कामावर परत गेले तोवर तिथंही सगळ्यांना माहीत होतं. अशा रीतीनं ते वाक्य उच्चारायची वेळ माझ्यावर आलीच नाही, आणि पुढं पुढं असं झालं की वेळ आली तरी ते तोंडातून निघेना. घरात आम्ही 'तेव्हापासून' असं म्हणायचो. आई तर तेवढंही म्हणत नसे. ती रोज अप्पांचा मोबाइल चार्ज करून परत कपाटात ठेवी.

महिन्याभरानं गगन म्हणाला, "अक्का, गाडीचं काय करायचं? अंगणात पाऊल ठेवायला जागा नाही." गाडीची नोंदणी संपत आली होती. ती वाढवून घ्यायची तर गाडी तपासणीला न्यायची, आणि तपासणीत हेडलाइट पेटला पाहिजे. गगननं सुचवलं की हे कापडी लोढणं कापून टाकावं आणि बाजारातून तयार वायरिंग आणून बसवावं.

मी म्हणाले, "कापायचं नाही."

"का?"

"नाही कापायचं."

एवढं शिकलेल्या बाईकडून त्याला जरा बऱ्या युक्तिवादाची अपेक्षा होती. माझ्याकडं तो नव्हता. त्या खोळीत अप्पांचे शेवटचे हाताचे टाके होते. हे वाक्य मनात नीट तयार होतं, पण मोठ्यानं म्हटलं असतं तर ते एखाद्या स्मरणिकेत छापल्यासारखं ऐकू आलं असतं. म्हणून मी म्हणाले, "कापड चांगलं आहे."

मेटगळ्ळीच्या कारखान्यात गगन गुणवत्ता विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घेऊन ती नापास करायची. स्वतः काही जोडायची त्याला सवय नाही. तरी पुढच्या रविवारी तो बॅटरी चार्ज करून आणि तात्पुरता एक रिले घेऊन आला. चार टोकं, चार जागा. कुठलं टोक कुठं, हे वायरींना ठाऊक आणि अप्पांना. बघणाऱ्यांत जगन्नाथराव होते. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले असल्यामुळं त्यांच्या शब्दाला गल्लीत वजन आहे. मंडळात ते बिलं छापण्याच्या खात्यात होते, ही गोष्ट गल्लीनं कधी विचारात घेतलेली नाही. खुर्ची आणवून ते बसले आणि म्हणाले की वीज नेहमी डावीकडून येते.

डावीकडून जोडलं. गगननं स्विच दाबला. दिवा लागला नाही. हॉर्न वाजू लागला.

तो थांबेना. त्या दिवशी एकादशी होती आणि गल्लीच्या टोकाला विठ्ठल मंदिरात भजन चाललेलं. आमचा हॉर्न एका पट्टीत, अखंड, मंदिरापर्यंत पोचला. टाळ क्षणभर अडखळले आणि मग, भजनी मंडळींचं कौतुक हे की, त्यांनी आमचा सूर धरला. किल्ली काढली तरी हॉर्न बंद होईना. वीज कुठून कुठं चालली होती ते तिचं तिला ठाऊक. जगन्नाथराव म्हणाले, "आता उजवीकडून बघा." गगननं उजवीकडून बघितलं, तेव्हा हॉर्न बंद झाला आणि सीटखालून धूर आला. धूर पाहून आई आतून भांडं घेऊन आली आणि तांदूळ धुतलेलं पाणी तिनं गाडीवर ओतलं. मग भांडं घेऊन परत आत गेली. तेव्हापासून ती अंगणात आली ती एवढीच.

"नरहरीचा जीव अडकलाय यात," अप्पांचं नाव घेऊन जगन्नाथराव खुर्चीतून उठत म्हणाले. "नाहीतर एवढी साधी वायर का त्रास देईल?"

मी त्यांना बडोद्याच्या दिवाणाला शोभेल अशा थंड सभ्यतेनं खुर्ची परत नेऊन दिली.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून नोंदणीच्या कचेरीत गेले. वाटलं, तारीख तरी पुढची मिळेल. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद पाहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले की मालकांनी स्वतः यायला हवं. मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. कुठं असतात, त्यांनी विचारलं. मृत्यूचं प्रमाणपत्र माझ्या पिशवीत होतं. प्लॅस्टिकच्या पाकिटात, दोन प्रतींसह. ते काढून सरकवलं असतं तरी चाललं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती. मी नुसतं वर पाहिलं. वरच्या मजल्यावर लायसन्सचा विभाग आहे. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाले, तिथं रांग मोठी असते, असू द्या, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा.

मी घरी फोन लावला. आईनं कपाटातून मोबाइल काढला आणि सहा आकडे एकेक करून वाचले. मी ते खिडकीत सांगितले. यंत्रानं ते मान्य केले. सरकारच्या दृष्टीनं ज्याला ओटीपी येतो तो जिवंत असतो, आणि त्या सकाळी त्या एका कसोटीला अप्पा उतरले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर संदेश आला: प्रिय नरहरी, आपली वेळ निश्चित झाली आहे, गुरुवारी वाहनासह स्वतः उपस्थित राहावे.

आता दोन गोष्टी गुरुवारी हजर करायच्या होत्या. त्यातला हेडलाइट निदान माणसाच्या हातातला होता.

त्याच संध्याकाळी कपाटातला मोबाइल वाजला. शेषगिरीकाका. मी फोन उचलला आणि बोलण्याआधीच पलीकडून सुरुवात झाली. "नरहरी, मी परत आलो बघ. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. तुझा रिले आणून ठेवलाय. ये केव्हाही." आणि फोन बंद. काकांची फोनची पद्धत हीच. ऐकू येत नसल्यामुळं समोरच्याची वाट बघण्यात त्यांना अर्थ वाटत नाही.

मी गगनला विचारलं, तू काकांना कळवलं नव्हतंस? तो म्हणाला, कळवलं होतं की. शिमोग्याला फोन केला होता. ते म्हणाले, 'बरं बरं, सावकाश होऊ दे,' आणि ठेवला. मला वाटलं, वयस्कर माणूस, पचवलं असेल.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी यादवगिरीला काकांच्या घरी गेले. मनाशी वाक्य जुळवत गेले होते. काकांनी दार उघडलं, मला पाहून त्यांचा चेहरा खुलला, आणि माझ्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं त्यांची नजर गेली.

"तो नाही आला?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"लग्नसराई. कुठला येतोय." त्यांनी रुमालात गुंडाळलेला रिले माझ्या हातावर ठेवला. "सांग त्याला, जोडून झालं की गाडी इथं आण. माझ्या गेटसमोर उजेड बघितल्याशिवाय मी पास करणार नाही. बुधवारी संध्याकाळी आण म्हणावं. नवीन डोळ्यांनी बघतो."

मी रिले पिशवीत टाकला. त्याच पिशवीत प्रमाणपत्रही होतं. सगळ्या म्हैसुरात हा एकच माणूस उरला होता ज्याच्याकडं अप्पा अजून यायचे होते. लग्नाच्या कपड्यांत अडकले होते, उशीर झाला होता, पण येणार होते. ते मोडायचं काम माझ्यानं होईना. मी कॉफी प्याले आणि घरी आले.

बुधवारी रजा घेतली. सकाळी अंगणात गाडीसमोर बसले. विजेची पुस्तकं शेजारी उघडी ठेवली, धीर म्हणून. आदल्या रात्री गगननं फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं की अक्का, आता कात्री लाव. मी शिवण उसवायचं पातं हातात घेतलंही होतं. ठरवलं, फक्त दोन बोटं उसवू, आत बघू आणि परत शिवू. तेवढं उसवलं. आत वायर किरमिजीच. ती तशी असणार हे मला ठाऊक होतं. त्यांनी आणली तेव्हा मी जवळच उभी होते. दुःखात माणसाची बुद्धी चालत नाही असं म्हणतात. माझी ती आधीही फार चालत असावी असं नाही.

उसवलेली जागा अंगठ्यानं दाबून बसवताना टोकाशी बोटाला काहीतरी लागलं. कापडाच्या कडेला बारीक कातरा होता. एकच. दुसऱ्या वायरीचं टोक चाचपलं. तिथं शेजारी शेजारी दोन कातरे. तिसऱ्याला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. चौथी साफ.

लहानपणी शाळेतून आले की मी बाह्या जुळवून द्यायचे. शर्टाची बाही खांद्याला उलटी लागू नये म्हणून अप्पा कापतानाच खुणा करत. पुढच्या अंगाला एक कातरा, मागच्या अंगाला दोन. बाहीचा माथा जिथं खांद्याला जुळतो तिथं पांढऱ्या दोऱ्याची गाठ. आणि खालच्या घेराला काही खूण नसते, कारण घेर कुणी चुकत नाही.

एक कातरा म्हणजे पुढं, दिव्याकडं. दोन म्हणजे मागं, बॅटरीकडं. गाठ हँडलकडं, स्विचला. बिनखुणेची खाली, गाडीच्या सांगाड्याला. अप्पांनी मोटरसायकलचा शर्ट कापला होता. गगननं आणि जगन्नाथरावांनी मिळून त्याला पाठ पुढं लावली होती.

काकांचा रिले लावून, चारही टोकं जागच्या जागी बसवून मी किल्ली फिरवली आणि स्विच दाबला. दिवसाउजेडीही भिंत पांढरी झाली. खडूचा गोल त्यात कुठं गेला ते दिसेना.

मागं पाहिलं तर आई उंबऱ्यावर उभी होती.

"कातरे होते," मी म्हणाले.

"मीच मारले," ती म्हणाली. "टाका त्यांच्या बोटांना पाठ होता, कातऱ्याएवढं जवळचं दिसत नव्हतं आता."

"मग सांगायचं नाही का? हॉर्न वाजत होता तेव्हा?"

"तुम्ही कुणी विचारलं नाही." तिनं भिंतीवरच्या उजेडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "शेषगिरीला दाखवून ये. त्याला अजून कुणी सांगितलं नाही, असं दिसतंय."

ती हे कशावरून म्हणाली ते मी विचारलं नाही. मोबाइल तीच चार्ज करत होती.

दिवस मावळताना मी गाडी काढली. गिअरच्या गाडीचं लायसन्स अप्पांनी मला हट्टानं काढायला लावलं होतं आणि इतकी वर्षं ते मी पाकिटात एखाद्या मानपत्रासारखं बाळगलं होतं. माझं हेल्मेट स्कूटरच्या डिकीत होतं आणि स्कूटर गगन घेऊन गेला होता, म्हणून अप्पांचं घातलं. आत खोबरेल तेलाचा वास होता. किक तिसऱ्यांदा बसली. जगन्नाथराव गेटशी येऊन उभे राहिले, उजेडात हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, उजवीकडून." मी मान लववून आभार मानले. आमच्या गल्लीत एवढंच बाकी होतं.

यादवगिरीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. काकांच्या रस्त्यावर झाडी दाट, तिथं अंधार आधी होतो. वळण घेतलं तसा उजेड भिंतींवरून सरकत जाऊन त्यांच्या गेटवर थांबला. काका गेटशीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्याची वाट बघावी तसे. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला, उजेडाच्या मागं कोण आहे ते दिसत नव्हतं, आणि ते हसले.

"नरहरी," ते म्हणाले, "पडला की रे उजेड. आता बैलकुप्प्याहून कितीही उशिरा ये."

मी इंजिन बंद केलं. दिवा तसाच राहिला. आता तो बॅटरीवर चालत होता, अप्पांना हवं होतं तसा. काका पुढं आले. हेडलाइटच्या मागं हात घालून त्यांनी वायरी चाचपल्या, खोळीवरून बोट फिरवलं. "काय शिवलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "मेल्या, ही काय नवरीची चोळी आहे? उतर खाली. कॉफी टाकायला सांगतो."

मी हेल्मेट काढलं. काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग मागच्या सीटकडं. मग रस्त्याच्या वळणाकडं, मागून कुणी चालत येतंय का ते बघायला.

मी बोलले. पण ते पुटपुटणं होतं, आणि काकांनी कानाला हात लावला.

"मोठ्यानं बोल, पोरी. तुला ठाऊक आहे ना."

समोरच्या घरात कुणीतरी पडदा सारला. भाजीची गाडी ढकलत जाणारा माणूस थांबला. कुजबुजून सांगता येणार नव्हतं. मी काकांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला, त्यांच्या कानाशी झाले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले:

"काका, अप्पा वारले. माझे अप्पा वारले."